माणशी अडुसष्ट किलो

लोअर परळला, एकोणिसाव्या मजल्यावर,
काचेच्या खोलीत तन्मयी सबनीस नावाची मुलगी
माझी जोखीम पेलायची ताकद मोजायला बसली आहे.
बारा प्रश्न, प्रत्येकाला चार चौकोन.
वय? एकसष्ट.
तुमच्यावर अवलंबून कोण?
मी म्हटलं, मीच अवलंबून, बायकोवर.
ती हसली, आणि लिहिलं: एक.

चौतीस वर्षं मी लिफ्टची कामं केली.
वर येतानाही कान भिंतीला होता.
हिच्या डाव्या रुळाचा शू झिजलाय,
चौदा-पंधराच्या मध्ये कुरकुरतो.
फॉर्ममध्ये ते विचारत नाहीत.

लिफ्टमध्ये पाटी असते:
सहा माणसं, ४०८ किलो.
मोठी असेल तर तेरा, ८८४.
म्हणजे माणूस अडुसष्ट किलोचा,
असं कुणीतरी कधीतरी बसून ठरवलं.
हाडकुळा, सात महिन्यांची पोटुशी,
खांद्यावर सिलिंडर घेतलेला,
सगळे अडुसष्ट.

प्रश्न सातवा.
तुमची गुंतवणूक महिन्याभरात वीस टक्क्यांनी घसरली तर?
अ, सगळं विकाल. ब, थोडं विकाल.
क, थांबाल. ड, आणखी घ्याल.

ताडदेवला लिफ्टच्या टपावर उभा होतो, ब्रेक सुटला.
दीड मजला तसाच गेलो,
मग सेफ्टीचे जबडे रुळाला चावले.
ठिणग्यांचा वास.
कुठल्यातरी घरात रेडिओवर बातम्या चालू होत्या,
त्या चालूच राहिल्या.
दुपारी डबा खाल्ला, भेंडी होती.
दुसऱ्या दिवशी त्याच टपावर चढलो.
मग ड लिहू?

पण पतपेढी बुडाली त्या साली
आमचे अडतीस हजार होते तिच्यात.
बंद शटरवरची नोटीस उभ्याने वाचली
आणि तीन महिने घरी अवाक्षर काढलं नाही.
रात्री दोनला उठून पासबुक उघडायचो.
आकडा तिथेच, नीट छापलेला,
शिक्क्यासकट.
तेव्हा हात थरथरायचे, टपावर नाही थरथरले.

लोकांना वाटतं, लिफ्ट सुटली की खालीच पडते.
रिकामी असेल तर ती वर जाते, मॅडम,
जाऊन छताला धडकते.
कारण भिंतीआड दुसऱ्या टोकाला
तिच्याहून जड लोखंड लटकत असतं,
ते उतरतं म्हणून ही चढते.
आत उभ्या माणसाला ते कधी दिसत नाही.

आमच्याकडे ते लोखंड म्हणजे सुनेत्रा.
साडीमागे पंधरा रुपये, फॉल-बीडिंग,
खिडकीतला उजेड संपेपर्यंत.
पतपेढीचं तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
हे मला सांगितलं सात वर्षांनी,
कोथिंबीर निवडताना, मान वर न करता:
तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.

यातलं काहीच मी बोललो नाही.
क वर खूण केली.
ती माझी नव्हती, पण सही माझी.

पडद्यावर हिरव्या-लाल कमानीत
काटा डुगडुगला आणि मधोमध उभा राहिला.
“मध्यम आहात, सर,” ती म्हणाली,
दवाखान्यात बाळाचं वजन सांगतात तशी.

परतताना लिफ्ट भरली आणि घंटी वाजली.
दार मिटेना.
सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये.
शेवटी शिरलेला कुरिअरवाला पोरगा,
त्याचे कान लाल झाले.
त्याने पाय उचलायच्या आत मी बाहेर आलो.
भलेपणा नव्हता तो.
मला ठाऊक आहे, ती चौदांनाही नेते,
सव्वापट वजन घालून आम्हीच तपासतो.
तरी उतरलो.

खालच्या दिशेच्या बाणाकडे बघत उभा होतो,
तेवढ्यात सुनेत्राचा फोन.
काय आलं?
मध्यम.
ती थोडी थांबली.
मग म्हणाली, येताना सुया आणा,
नऊ नंबरच्या, दोन पाकिटं.